चपलेचे उपकार

शुद्धीवर आले तेव्हा नाकावर चप्पल होती. पायातली नाही. संडासातली. रबराची, ओली.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. वर्तकनगरच्या एका इमारतीत, जिन्यावर मी पडले होते. पाटी उलटलेली, खाडीची कोळंबी पायऱ्यांवर सांडलेली. मला लहानपणापासून फिट येते. त्या दिवशी म्हावरं घेऊन चढताना आली. चप्पल धरून उभी होती ती दुसऱ्या मजल्यावरची बाई. शाळेत शिकवायची. घरात वेगळी स्लीपर, बाहेर जायला वेगळी सँडल. माझ्या नाकासाठी तिने नेमकी तिसरी निवडली.

"उपकार मान," ती म्हणाली. "मी होते म्हणून उठलीस."

मी हात जोडले.

हे सांगताना आजही दात करकरतात. भाव करताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण चपलेपुढे हात आपोआप जुळायचे. कोळीवाड्यात आई हेच करायची, शेजारी हेच करायचे. फिट आली, चप्पल हुंगवा. उठलीस, आता ज्याची चप्पल त्याच्या पाया पड. मी पडायचे.

"आणि यापुढे वर येऊ नकोस," बाई म्हणाली. "फाटकाशी बस. मुलं घाबरतात." मग पायऱ्यांकडे बघून, "ती कोळंबी ठेवून जा. आता कोण घेणार?"

मला शिवायला तिला चप्पल लागली. माझी कोळंबी मात्र तिने हातानं वेचली.

मी फाटकाशी बसू लागले. थोड्या दिवसांनी सरकारी दवाखान्यात गोळ्यांसाठी गेले. नवी डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "फिट आली की काय करतात?"

"चप्पल हुंगवतात."

ती हसली नाही. "फिट आपोआप थांबते. चप्पल लावा, नका लावू."

"मग मी उठते कशी?"

"तुमच्या तुम्ही उठता. पण गोळ्या कायम घ्यायच्या. हे दुखणं जाणारं नाही."

मला तुम्ही म्हणणारी ती पहिलीच. दवाखान्याबाहेर येऊन कट्ट्यावर बसले. अंगाची आग आग झाली. म्हणजे इतकी वर्षं या लोकांनी माझाच माल मला विकला. आणि मी, बाजारात सगळ्यांना पुरून उरणारी, तो घेत आले. वर पाया पडून.

चैत्रात एकवीरेला गेले. दरवर्षी नवस बोलायचे, हे दुखणं काढ. त्या वर्षी काही मागितलं नाही. म्हटलं, आई, पाडतेस ते ठाऊक होतं. उठवतेस तूच, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नारळ फोडला आणि पोटभर रडले. दुखणं होतं तिथंच होतं. मी मात्र हलकी होऊन डोंगर उतरले.

मग आषाढातला शेवटचा रविवार. श्रावण लागणार म्हणून अख्खी कॉलनी म्हावऱ्यावर तुटून पडलेली. दुसऱ्या मजल्यावरची बाई पिशवी घेऊन खाली आली.

"काय गं, बरी आहेस ना? चांगली मोठी निवडून दे. त्या दिवशी मी नसते तर..."

"तुला नाही देणार."

"अगं, फुकट मागतेय का मी?"

"बाय, संडासातल्या चपलेचं कालवण कर. लय ताकद हाय तिच्यात. पडलेली बाई उठवते."

बाकीच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. बाई लाल झाली. म्हणाली, "कृतघ्न."

शब्द शुद्ध होता. असले शब्द यांना बरे वेळेवर सापडतात.

मी पाटी डोक्यावर घेतली आणि फाटकातून आत गेले. जिना चढले. तिच्या दारावरून तिसऱ्या मजल्यावर, आणि मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "कोळंबीय." तेव्हापासून मी फाटकाशी बसलेली नाही.

फिट येते. येणारच. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय, पडले तर कुशीवर वळवा, पाटीतली कोयती लांब सरकवा, जवळ थांबा. जो थांबेल त्याचे आभार मानीन, एकवीरेपुढे त्याचं नाव घेईन. पाया पडायचं ते फक्त तिच्या. माणसाच्या पायाला हे डोकं पुन्हा लागणार नाही.