अर्जंटवाली खुंटी

शिवणकामवाल्या मावशींच्या दुकानात भिंतीवर दोन खुंट्या होत्या. एक साधी, एक अर्जंटवाली. साध्या खुंटीवर मावशींच्या पिशवीखेरीज काही लटकत नसे. कारण गिऱ्हाईक पायरी चढतानाच म्हणायचं, "मावशी, जरा अर्जंट आहे हं!" पँटची चेन अर्जंट, शर्टाचं बटणसुद्धा अर्जंट, आणि तोच शर्ट न्यायला साहेब महिन्याने उगवणार. "मेल्यांनी शब्दाचा पार चोथा केलाय," असं मावशी मशीनशी पुटपुटायच्या. गिऱ्हाइकाला मात्र उत्तर ठरलेलं. "अर्जंट तर सगळ्यांचंच असतं. नंबराने होईल."

अपवाद एकदाच झाला. एका बाईने उसवलेला कोट पुढे केला आणि म्हणाली, "मी इथेच बसते." बस्स, एवढंच. मावशींनी हातातलं काम बाजूला टाकून तो कोट आधी शिवून दिला. "खरी घाई असलेलं माणूस बोलत नाही, बसून राहतं," त्यांनी लेकीला सांगितलं.

स्वतःच्या कामासाठी मात्र त्यांनी तो शब्द कधी वापरला नाही. घरात नळ फुटला तरी प्लंबरला म्हणणार, "सवडीने या." लेक कपाळावर हात मारून घ्यायची.

मग एके दिवशी सुईत दोरा ओवताना डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले. कडेला मधूनच उजेड चमकायचा. लेकीने हट्टाने डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करायला लावला.

"अर्जंट आहे का?" पलीकडून विचारलं.

मावशी अडखळल्या. मशीनवर तर रोज बसत होत्या. मग अर्जंट कसं म्हणायचं? "नाही, तसं काही नाही," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली.

तेव्हापासून चैन म्हणून पडेना. शिवायला बसायच्या, लगेच उठायच्या. भिंतीवरचं कॅलेंडर आधी एका डोळ्याने वाचायच्या, मग दुसऱ्याने. सरळ शिवण वाकडी जायची, ती उसवून पुन्हा घालायच्या, पुन्हा वाकडी. डोळा गेला तर हातातलं कामच गेलं, ही भीती पोखरत होती. लेकीने विचारलं की म्हणायच्या, "बरं आहे गं, तुझं तू बघ." आणि एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे खालून काळा पडदा वर सरकू लागला.

दुकान उघडलंच नाही. तडक दवाखाना गाठला. काउंटरवर एक तरुण मुलगी मान खाली घालून लिहीत होती.

"माझं अर्जंट आहे हो," मावशी म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

मुलीने मान वर केली नाही. "अर्जंट तर सगळ्यांचंच असतं, मावशी. नंबराने होईल."

मावशींना फार राग यायला हवा होता, पण आला नाही. तिला तरी काय बोलणार? दिवसभर तिच्याही कानावर हाच शब्द आदळत असणार.

"बरं," त्या म्हणाल्या, "मी इथेच बसते."

काउंटरसमोरच खुर्ची ओढून त्या बसल्या. उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने मुलीकडे बघत राहिल्या. तिचा चेहरा आता कपाळापुरताच दिसत होता. मुलीने लिहिता लिहिता एकदा वर पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलवायला आत गेली.