पडवळाला दगड कोण बांधत होतं?

इथले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो आणि डबा संपेपर्यंत विसरूनही जायचो. वाऱ्याने दार वाजलं असेल, लिहिणाऱ्याला झोप आली असेल, असं म्हणून सोडून द्यायचो. आजही माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी हे लिहितोय, कारण घरात ते कोणाला सांगता येत नाही.

आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी, बायको सुलभा आणि माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो. मुलगी लग्न होऊन शीवला गेली. आबा मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद झाली आणि त्यांनी खोलीसमोरच्या गॅलरीत शेती सुरू केली. शेती हा त्यांचाच शब्द. तेलाचे कापलेले डबे, रंगाचे रिकामे ड्रम, आणि त्यात अळू, मिरची, गवती चहा. दर पावसाळ्यात कठड्यावर दोऱ्या बांधून पडवळाचा वेल चढवायचे. शेजारच्या कांबळे वहिनी म्हणायच्या, "आबा, तुमचे साप आवरा, येताजाता डोक्याला लागतात." आबा म्हणायचे, "चावले तर सांग गो, भाजी पाठवतंय."

ज्यांनी पडवळ लावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोवळ्या पडवळाच्या टोकाला वजन बांधावं लागतं, नाहीतर ते वेटोळं होतं. गावाला दगड बांधतात. आबा गिरणीतून आणलेले लोखंडी नट बांधायचे, जुन्या बनियनच्या पट्टीने, म्हणजे साल कापत नाही. मला शिकवायला ते दरवर्षी हाक मारायचे आणि मी दरवर्षी ऑफिसचं काहीतरी काढायचो.

गेल्या वर्षी बी लावून झालं आणि काही दिवसांतच आबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं तुटक झालं. आम्ही त्यांची कॉट खिडकीशी लावली, वेल दिसावा म्हणून. ते दिवसभर एकच म्हणायचे, "गावाक… गावाक."

मी म्हणायचो, गणपतीत जाऊ. मग म्हणालो, तिकीट मिळालं नाही. खरं म्हणजे मी तिकीट काढायला गेलोच नव्हतो. एका खोलीत आजारी माणसाचं सगळं करायचं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल. सुलभाची कंबर धरली होती. माझी चिडचिड व्हायची, आणि मग त्या चिडचिडीची लाज वाटायची.

श्रावणात पहिलं पडवळ धरलं. एके दिवशी सकाळी दात घासायला बाहेर आलो, तर त्याला दगड बांधलेला. मी सुलभाला म्हटलं, "बरं केलंस."

"मी? मला वाटलं तुम्हीच बांधलात. म्हटलं, चला, सुधारले."

कांबळे वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला माझ्या घरचे साप आवरत नाहीत, तुमचे कुठे बघू?" आतून त्यांच्या नवऱ्याने "ऐकलं हां मी" म्हटलं.

चाळीची गॅलरी म्हणजे रस्ताच, कोणीही येतं-जातं. तेव्हा मी सोडून दिलं. पण दुसऱ्या पडवळालाही तसाच दगड आला आणि मी तो हातात घेऊन पाहिला. कोकणातला जांभा दगड होता, बोटांना लाल माती लागली. बांधला होता केळीच्या सोपाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळवलेल्या पट्टीने. गावाला त्याने बांधतात. काळाचौकीत जांभा कुठून आणणार? मी माळ्यावरचं सगळं काढून पाहिलं. आबांच्या पिशवीत नटच होते.

मग एका रविवारी मी मुद्दाम तिसऱ्या पडवळाला स्वतः नट बांधला. गाठ काही नीट बसली नाही. दुपारी जेवून आडवा झालो. सुलभा दारात बसून तांदूळ निवडत होती, वेल तिच्या समोर हातभर अंतरावर. उठलो तेव्हा नट कठड्यावर ठेवलेला, पट्टीची घडी घालून. पडवळाला जांभा लटकत होता.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मी इथून उठलेच नाही."

तिने वर पाहिलं आणि ताट तिथेच ठेवून आत आली. आबा कॉटवर झोपले होते. आधाराशिवाय त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती.

संध्याकाळी तो दगड मी आबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने माती चोळली, वास घेतला. "गावाक," म्हणाले.

आता जे लिहायचंय त्यासाठीच हा सगळा खटाटोप. सुलभा म्हणाली, "बघा, किती ओढ लागलीय त्यांना. घेऊन जा." मी लगेच तयार झालो. तिला वाटलं, मला पाझर फुटला. माझ्या मनात वेगळंच होतं. गावाला चुलतभाऊ बाळा आहे. पगारी बाई ठेवू, आबा तिथेच राहतील, आणि त्यांचीच तशी इच्छा आहे असं सगळ्यांना सांगता येईल. दगड दाखवता येतील. डॉक्टरांनी जपून न्या म्हटलं. मी गाडी ठरवली, सुलभाला सांगितलं दोन दिवसांत येतो, आणि आबांचे सगळे कपडे एका बॅगेत भरले. स्वेटरसकट.

गावी घर बंदच असतं. बाळाने उघडून झाडून ठेवलं होतं. आम्ही आबांना खुर्चीसकट उचलून परसात ठेवलं. सगळीकडे रान माजलेलं. मी आजूबाजूला नीट पाहिलं, सांगण्यासारखं काही नव्हतं. वेल नाही, मांडव नाही. आबा तासभर विहिरीकडे बघत बसले. चेहरा शांत होता. मला वाटलं, जमलं.

बाळाला मी आधीच फोनवर विचारलं होतं. तो आबांसमोर वाकून म्हणाला, "काका, ऱ्हवा आता हयच. मी आसंय मां."

आबांनी त्याच्या खांद्यावर डावा हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"चल. घराक."

"आबा, ह्यां आपलाच घर."

त्यांनी मान हलवली. शब्द जुळवायला बराच वेळ गेला. "पडवळां… वाकडी जातली."

बाळा हसला. मला हसू येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो.

आलो तेव्हा वेलावर दोन नवी पडवळं धरली होती. एक वाकायला लागलं होतं. दगड एकालाही नव्हता आणि त्यानंतर कधी आलाही नाही. उरलेला हंगाम मीच नट बांधले. आबा कॉटवरून डाव्या हाताने दाखवायचे, वर, खाली, सैल कर. "गावाक" त्यांनी पुन्हा म्हटलेलं नाही.

ते तीन दगड अजून घरात आहेत. ज्यांना दाखवले त्यांनी जांभाच आहे म्हणून सांगितलं, त्यापुढे कोणाला काही सांगता आलं नाही. ते कोणी बांधले, सुलभाच्या डोळ्यांदेखत तो नट कसा सुटला, मला माहीत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

पण त्याहून मला दुसरंच छळतं. त्या दिवशी परसातून आत नेताना आबांची खुर्ची मी त्या बॅगेजवळ टेकवली होती. चेन अर्धवट उघडी होती, वरच स्वेटर होता, ऐन भाद्रपदात. आबांनी तो पाहिला का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांना आता बऱ्यापैकी बोलता येतं.