कोणाचा गो तू?

मालवणापासून जवळच असलेल्या आमच्या गावात पोराला नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कोणाचो रे तू?" मुलगी असली तर, "कोणाचा गो तू?" आणि या प्रश्नाचे बादशहा म्हणजे आबा. चाळीस वर्षं शाळेत शिपाई होते. आता वयाची ऐंशी उलटली, तरी रोज सकाळी देवळाच्या वाटेवर गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसतात. येणाऱ्या पोराला थांबवायचं, कोणाचं ते विचारायचं आणि त्याच्या आईबापाची, आज्याची एखादी खोडी सांगून सोडायचं. पोरं मुद्दाम त्या वाटेने जातात.

मी मात्र चार वर्षं ती वाट टाळली. माझी लेक अडीच वर्षांची असताना आम्ही तिला कोल्हापूरच्या संस्थेतून दत्तक घेतलं. तिला आम्ही सगळं सांगितलंय, लपवलं काहीच नाही. पण लोक! "कोणासारखी दिसते गो?" म्हणून विचारायचं आणि मग आवाज खाली आणून "अरेरे" करायचं. माझ्या नाकावर राग तसाही असतोच. एका लग्नात मावशीला मी चार माणसांत इतकं सुनावलं, की ती अजून माझ्याशी बोलत नाही. नाही बोलत तर नाही! पण आबांना कसं सुनावणार? आणि त्यांच्या प्रश्नाला लेक गप्प राहिली, तिच्यासाठी त्यांच्याकडे गोष्टच निघाली नाही, तर? या भीतीने, त्या वाटेने जायची वेळ आलीच, तर मी आबा दिसले की स्कूटी दामटायची.

गेल्या मे महिन्यात स्कूटी पंक्चर झाली आणि आम्ही दोघी जवळची म्हणून देवळाच्याच वाटेने चालत निघालो. आबांनी हात केलाच.

"आबा, घाई आसा," मी म्हटलं.

"तुका आसात. ह्येका खंय आसा?" आणि लेकीकडे वळून, "कोणाचा गो तू?"

आबांना ठाऊक नव्हतं असं नाही, गावात काय लपतं? तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही की तोंड कसनुसं केलं नाही. सगळ्या पोरांना विचारतात तसंच विचारलं.

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिची."

"हिचा? अरे देवा!" आबांनी कपाळावर हात मारला. "तुझी ही आवस चौथीत असताना गुरुजींनी हिका उगाच चोर म्हटल्यानी. ही जी शाळेच्या पायरीर बसली, ती हेडमास्तर इले तरी उठाक नाय. मगे मी तुझ्या आज्याक बोलवून हाडलंय. वाटला, पोरीक उचलून नेतलो. तर तोच हिच्या बाजूक पायरीर बसलो! दुपारी गुरुजींनी चूक कबूल केल्यानी, तेव्हा दोघां उठली. असला हट्टी घराणा तुझा! आता तू सांग. तू कसलो हट्ट केलंस?"

लेक विचारात पडली. मी मध्ये बोलणार होते, आबांनी हातानेच मला गप्प केलं.

"आई मला पहिल्यांदा बघायला आली ना," ती म्हणाली, "तेव्हा मी तिची ओढणी धरली. बाई म्हणाल्या सोड, सगळे म्हणाले सोड. मी सोडलीच नाही. शेवटी आई ओढणी तिथेच ठेवून गेली."

खरं होतं ते. मी तिला न्यायला परत येईपर्यंत तिने ती धुवायलाही दिली नव्हती.

आबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! तिसरी पिढी!"

मला रडू आवरेना, भर रस्त्यात. लेक माझ्याकडे बघून घाबरली आणि आबांना विचारू लागली, "पिढी म्हणजे काय?"

"एकाच पायरीर येऊन बसतत ती माणसा, बाय," आबा म्हणाले.