प्रांतपाल आणि शेवटची पंगत

राज्यपालाला दिल्ली नेमते. आमच्या क्लबच्या प्रांतपालाला मात्र निवडून यावे लागे, म्हणून आपल्या प्रांतपालाचा मान मोठा, असे थोरले बंधू, म्हणजे अण्णा, मनापासून मानत. समाजसेवा करणाऱ्या पन्नासेक क्लबांचा मिळून आमचा प्रांत. प्रांतपालाचे काम वर्षभर हार घालून घेणे आणि गळ्यात पितळी पदकांची साखळी मिरवणे. साठ सालानंतर केव्हातरी अण्णा त्या जागेसाठी उभे राहिले.

त्यांनी चामराजपेटेतल्या शिंप्याकडून बंद गळ्याचा कोट शिवून घेतला. साखळी नीट बसावी म्हणून खांदे थोडे रुंद ठेवायला सांगितले.

"साखळीच हवी तर माझी घाला," वहिनी म्हणाल्या. "ती सोन्याची तरी आहे."

अण्णा हसले नाहीत. वीस वर्षे त्यांनी क्लबात खुर्च्या मांडल्या होत्या. एकदा तरी मधल्या खुर्चीवर बसायचे होते.

अधिवेशन मल्लेश्वरमच्या एका सभागृहात होते. यजमान आमचाच क्लब. उमेदवार तीन. सकाळच्या मतदानात अण्णा पहिले आले, पण निम्म्याहून जास्त मते कोणालाच पडली नाहीत. नियमाप्रमाणे तिसरा गळला आणि अण्णा व हुबळीचे एक डॉक्टर यांच्यात फेरमतदान ठरले. जेवणानंतर, बरोबर अडीच वाजता. घंटा झाली की दार बंद. मावळते प्रांतपाल निवृत्त इंजिनियर होते; ते घड्याळाखेरीज कोणाचे ऐकत नसत.

जेवणाचा बेत अण्णांचा, वाढायला आम्ही. घरचे लोक शेवटच्या पंगतीला, हा आमच्याकडचा शिरस्ता. हुबळीच्या डॉक्टरांना अण्णांनी स्वतः आग्रह करून तिसरी होळिगे, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, वाढली.

"अहो, पोट फुटेल माझं!"

"फुटू दे की. तुम्ही डॉक्टर आहात, शिवून घ्या."

सगळे पाहुणे उठल्यावर आमच्या क्लबचे पाच मतदार पानावर बसलो. त्यात आमचे मामा होते, सत्तरीचे, तोंडात दात चार. पंगतीतला सर्वांत वडील माणूस उठेपर्यंत कोणी उठायचे नाही, हेही आमच्या हाडीमाशी रुजलेले. मामांचा सारभात संपत आला तेव्हा घंटा वाजली. मी अर्धवट उठलो.

"बस खाली," अण्णा म्हणाले. "स्वल्प थांबतील ते. उमेदवाराशिवाय मतदान कसं होईल?"

"अण्णा, ते इंजिनियर आहेत."

"ताक वाढा रे मामांना."

मामांनी ताकभात घेतला. पुन्हा भात मागितला. अण्णांनी स्वतःच्या पानाकडे पाहत एक एक शीत गोळा केले. मामा उठले, तसे आम्ही ओल्या हातांनी धावलो. दाराशी आमच्याच क्लबचा कारकून उभा होता. त्याला मत नव्हते, फक्त हुकूम होता.

"दार लावलंय, सार," तो अण्णांच्या कोटाच्या बटणांकडे पाहत म्हणाला.

अण्णा तीन मतांनी पडले. आम्ही पाच जण बाहेर होतो. आभाराच्या भाषणात नव्या प्रांतपालांनी होळिगेचा दोनदा उल्लेख केला आणि साखळी सावरत अण्णांना मिठी मारली. अण्णांनी त्यांना विडा दिला.

घरी आल्यावर वहिनींनी विचारले, "काय झालं?"

"जेवण छान झालं," अण्णा म्हणाले आणि कोट खुंटीला लावला. मामांना त्यांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. वहिनींनी दाखवला.

तीन-चार वर्षांनी धाकट्या बहिणीचे लग्न झाले. वधूचा थोरला भाऊ म्हणजे मुख्य यजमान. त्याने सगळ्यांमागून जेवायचे. अण्णा तोच रुंद खांद्यांचा कोट घालून आले, व्याह्यांच्या पहिल्या पंगतीत मधले पान पाहिले आणि बसले. मी भाताचे भांडे घेऊन समोर थबकलो.

"अण्णा, घरचे शेवटी ना?"

"वाढ," ते म्हणाले.