फिनॉलच्या बरणीतलं दही

मॅडमनी डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलंही नाही, आणि आईनं लावलेलं दही फिनॉलच्या बरणीत उपडं केलं. त्या बरणीत आम्ही वापरलेल्या काचपट्ट्या टाकायचो. जंतू मरावेत म्हणून.

"मिठागरातलं दही," त्या वर्गाकडे बघून म्हणाल्या. "कुठलं पाणी, कसली भांडी. सगळ्यांच्या प्लेटा नासतील."

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, खारट असेल!" सगळे हसले. मी रिकामा डबा धरून उभी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रयोग साधा होता. घरचं दही आणायचं, त्यातले जीवाणू आगर नावाच्या जेलीच्या प्लेटवर वाढवायचे, मोजायचे. दुधातली साखर खाऊन आम्ल करणारे हे जीवाणू. त्यांच्यामुळेच दूध विरजतं.

मिठागराशेजारच्या आमच्या घरी दूध चहापुरतं. तेही रोज नाही. आई गिरीज गावातल्या एका वाडीत भाजी खुडायला जायची. तिथल्या मालकिणीकडून तिनं वाटीभर दूध आणि विरजण मागून आणलं. सकाळी डबा देताना म्हणाली, "बग, पानी नाय सुटलं. घट लागलंय. सांडू नको गो."

"शेजारच्या वृंदाच्या प्लेटवरून आकडे उतरव," दोन दिवसांनी मोजणीच्या वेळी मॅडम म्हणाल्या. "जर्नल पूर्ण झालं म्हणजे झालं."

आकडे उतरवणं सोपं होतं. पुष्कळ जण उतरवत. पण ती प्लेट माझी नव्हती. मी लिहिलं: 'माझा नमुना तपासण्याआधीच फेकण्यात आला. निरीक्षण नाही.'

मॅडमनी जर्नलवर सही केली नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "हे पान फाड, नवीन लिही. कशाला वर्ष घालवतेस? तुमच्यातल्या किती मुली इथवर येतात?" आवाज मऊ होता. मी रडत होते. पान फाडलं नाही.

वर्ष गेलं.

बाबा मिठागरावरून यायचे. टाचांच्या भेगांत मीठ शिरलेलं. तेल चोळता चोळता एकदाच बोलले, "आकडेच लिवायचे होते ना? लिवायचे." कित्येक दिवस वाटायचं, त्यांचंच बरोबर. जेवण जात नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई हाक मारायची, मी चादर ओढून घ्यायचे.

असंच पडल्या पडल्या एकदा पाठ्यपुस्तक उघडलं. धडा आतड्यातल्या एका जीवाणूचा होता. दुधातली साखर पचवण्याची जनुकं त्याच्यात असतातच. पण एक प्रथिन त्यांना दाबून बसलेलं असतं. जनुकं गप्प. साखर आत शिरली की तिच्यापासून बनलेला एक रेणू त्या प्रथिनाला चिकटतो. प्रथिन सुटतं. जनुकं कामाला लागतात.

वाचून मी हुरळले. हे तर माझंच. शिक्षण मिळालं की दाबणारं आपोआप सुटणार.

मग पुस्तक मिटलं. शिक्षण तर मला मिळतच होतं. दही फेकलं गेलं ते त्या शिक्षणाच्याच टेबलावर. प्रथिन सुटतं, कारण बसून राहण्यात त्याचा काही फायदा नसतो. दाबून बसलेल्या माणसाचा असतो. तो आपणहून उठत नाही. त्याला उठवावं लागतं.

जूनमध्ये मी त्याच वर्गात पुन्हा नाव घातलं. शिकवायला त्याच मॅडम. हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबल्या.

"परत आलीस? या वेळी तरी शहाण्यासारखं लिहिशील ना?"

मी उभी राहिले.

"जे दिसेल तेच लिहीन, मॅडम. आणि बघू दिलं नाहीत, तर तेही लिहीन. पुन्हा वर्ष अडवा. मी पुन्हा येईन."