कोरडी फरशी

आमच्या समोरच्या दारातले मधूभाऊजी म्हणजे त्यांची मोटारसायकल, हे अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला नोकरी केली, तिथूनच रिटायर झाले, पण हातातला पाना काही सुटला नाही. आमच्या हेंद्रेपाड्यात गल्लोगल्ली गॅरेजं आहेत, तरी गाडीचं ऑइल ते स्वतःच बदलणार. खाली पार्किंगमध्ये गोणपाट अंथरायचं, जुनी परात इंजिनाखाली सारायची आणि बोल्ट सोडायचा. काळं ऑइल निथळून होईपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहायचे, जपाला बसल्यासारखे गप्प. 'गॅरेजला का देत नाही?' असं कोणी विचारलं की म्हणायचे, "गॅरेजवाला गाडी बघतो. गाडीवर कोण बसतंय ते मी बघतो."

गाडीवर बसायच्या मालिनीताई, त्यांच्या मंडळी. त्यांची मूत्रपिंडं कामातून गेली आणि आठवड्यातून तीनदा अंबरनाथला डायलिसिस सुरू झालं. शेअर रिक्षात त्यांना मळमळायचं, आणि ज्या हातात सुई टोचतात त्या हाताला कोणाचा धक्का लागून चालत नाही. भाऊजींच्या मागे मात्र त्या निवांत बसायच्या, एका बाजूला पाय सोडून, बरा हात त्यांच्या खांद्यावर टाकून. नाशिकची लेक, वैदेही, फोनवर ओरडायची, "बाबा, भाड्याची गाडी लावून देते ना मी, कशाला हट्ट करता?" भाऊजींचं उत्तर ठरलेलं. "माझे हात चालतायत तोवर हिला मीच नेणार."

मालिनीताईंची जीभ मोठी तिखट. एकदा गॅलरीतून खाली ऑइलची परात बघत मला म्हणाल्या, "बघ गं, दोन्ही बायकांचं एकच दुखणं. तिचं काळं तेल काढायचं, माझं रक्त धुवायचं. फरक एवढाच की तिची वेळ ह्यांना जास्त पाठ." मी हसले. देवाने आजार दिला, पण तो सोसायला असं बोलणंही दिलं, असं वाटलं.

अडचण निघाली ती गणपतीच्या जागेची. आमच्या सोसायटीचा गणपती पार्किंगमध्येच बसतो, आणि चौरंग मांडतात तो नेमका भाऊजींच्या गाडीच्या जागी. यंदा नवीन फरशी घातलेली. तिच्यावर ऑइलचा हा एवढा काळा डाग, शिवाय गाडी उभी असतानाही थेंब गळायचा. बोल्टचे आटे झिजले असणार, इतकी वर्षं सोडून-आवळून. श्रावणात तिथेच पार्किंगमध्ये भरलेल्या मीटिंगला सेक्रेटरी प्रज्वल उभा राहिला. तसा पोरगा चांगला आहे, तोंडाचा फटकळ.

"काका, राग मानू नका, पण बाप्पा काय ऑइलवर बसवायचा का?"

"कपडा मारून घेतो की रे."

"दर वर्षी तेच म्हणता. जमत नसेल तर गाडी बाहेर रोडवर लावा, विषय संपला."

रोडवर म्हणजे गटाराच्या पलीकडे. डायलिसिसहून आल्यावर मालिनीताईंना जिना चढवत नाही, तिथून कुठल्या चालत येतात? भाऊजींचा चेहरा उतरला. ते उठले आणि चौरंगाच्या जागेकडे वळून हात जोडले. मूर्ती आलेली नव्हती, नुसती फरशी होती. म्हणाले, "बाप्पाच्या जागेवर यापुढे एक थेंब पडणार नाही. पडला तर मी स्वतः गाडी बाहेर काढीन." टाळ्या पडल्या. मलाही भरून आलं. दिलेला शब्द पाळणारा माणूस, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमाराला स्पीडब्रेकरवर आपटून गाडीच्या पोटाखालची प्लेट फुटली. इंजिनाला खालून दगड लागू नये म्हणून पत्र्याची एक ढाल असते, ती. नवी घेण्याऐवजी भाऊजी ती घेऊन उल्हासनगरला गेले, कॅम्प पाचला, एका सिंधी पत्रेवाल्याकडे. मालिनीताईही मागे बसून गेल्या होत्या, त्यांनीच नंतर साभिनय सांगितलं. भाऊजी म्हणाले, चीर वेल्डिंगने भर, खालची भोकं बुजव आणि चारी बाजूंनी काठ उभे कर. पत्रेवाला हातोडी थांबवून बघत राहिला.

"साईं, भोक तो पानी निकलने का होता है. बंद करूं?"

"बंद कर."

"और किनारा इतना ऊंचा? अंकल, प्लेट चाहिए के परात? मछली पालोगे क्या अंदर?"

"तू बनव रे बाबा. आमच्या गणपतीचं काम आहे."

गणपतीचं नाव निघाल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने काठ उभे केले, वर घासून गुळगुळीत करून दिले. भाऊजींनी आत जुन्या धोतराची घडी ठेवली, ठिपकलेलं ऑइल टिपून घ्यायला. इंजिनाच्या बाजूला खाली एक छोटी काच असते, ऑइल किती आहे ते तिच्यातून दिसतं. नव्या काठाआड ती काच गेली. पण भाऊजींना तिची गरजच वाटली नाही. त्यांचा तपास दुसराच होता. रोज सकाळी मी तुळशीला पाणी घालताना खाली बघायचे, तर ते गाडी मागे सरकवून फरशीवर वाकलेले. बोट फिरवायचे, नाकाशी न्यायचे, मग वर बघून हसायचे. "वहिनी, कोरडी ठाक!"

आम्हीही म्हणायचो, वा. बाप्पा आला, आरत्या झाल्या, विसर्जन झालं. फरशीवर अक्षता आणि दूर्वा सोडून काही नव्हतं. प्रज्वलने सगळ्यांसमोर त्यांना वाकून नमस्कार केला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, भाऊजींनी नेमाप्रमाणे ऑइल बदललं. पान्यांची पूजा केली, गाडीला झेंडूची माळ घातली. बोल्ट आवळताना तो जरा सैल फिरला, असं ते नंतर आमच्या ह्यांना म्हणाले. टेप गुंडाळून बसवला, प्लेटमध्ये धोतराची नवी घडी घातली आणि ती खालून आवळली. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी. दिवाळीतही कोरडी.

दिवाळी सरल्यावर डायलिसिसच्या एका दिवशी, अंबरनाथच्या अलीकडे, गाडी एकदम जड झाली. भाऊजींनी कडेला घेतली म्हणून पडले नाहीत, मागचं चाक तिथल्या तिथे धरलं गेलं. इंजिन इतकं तापलेलं की जवळ पाय नेववेना. किक बसेना. मालिनीताई दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि भाऊजी वेड्यासारखे किक मारत राहिले.

"अहो, सोडा तिला. रिक्षा बघा."

"होईल गं, थोडी गार होऊ दे."

"माझी वेळ चाललीय हो."

तरी त्यांनी ती गार होण्याची वाट पाहिली. त्या गाडीने त्यांना कधी दगा दिला नव्हता, ती थांबलीय हेच डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी जवळच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेली, मग रिक्षा शोधली, आणि सेंटरला पोचले तर मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं. तिथल्या सिस्टर तरी काय करणार, बाहेर माणसं ताटकळलेली असतात. उद्या सकाळी या म्हणाल्या.

उद्या सकाळ उजाडायच्या आत मालिनीताईंना श्वास पुरेना. छातीत पाणी भरलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना भाऊजींच्या पायात चपला नव्हत्या. मी देवापुढे दिवा लावला आणि विष्णुसहस्रनाम म्हणत बसले. शब्द तोंडाने येत होते, मन त्यांच्या जिन्यातच होतं.

त्या आयसीयूत असताना गॅरेजवाल्याचा फोन आला. वैदेही निघाली होती, पोचली नव्हती, म्हणून आमचे हे भाऊजींबरोबर गेले. मेकॅनिकने त्यांच्यासमोरच प्लेट सोडली. सोडताना तिरकी झाली तसं ऑइल काठावरून ओघळलं. आत तुडुंब होतं, धोतर भिजून चिंब, आणि ऑइल अजून पुरतं काळंही झालेलं नव्हतं.

"काका, ऑइल तर सगळं इथंच आहे," मेकॅनिक म्हणाला. "इंजिन कोरडं चाललंय कधीपासून. खाली सांडलं असतं तर कळलं तरी असतं."

आमचे हे सांगत होते, प्लेटमध्ये भाऊजींनी बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळत राहिले. मग म्हणाले, "झाका ते."

ऐकून माझ्या डोळ्यांपुढे समई आली. तेल काठोकाठ आणि वात बाहेर सुकलेली. बाप्पाने काय मागितलं होतं हो? डागाने देव बाटत नाही, एवढं आमच्यातल्या एकीने जरी मीटिंगमध्ये म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिथे सगळ्यांनाच स्वच्छ फरशी हवी होती, आणि भाऊजी तर शब्दाचे पक्के.

मालिनीताई वाचल्या. घरी आल्या त्या निम्म्या होऊन. बोलताना मध्येच थांबतात, दम घेतात. वैदेहीने महिन्यावर व्हॅन ठरवली आणि सोबतीला गंगू नावाची बाई ठेवली, शिरगावहून येते. गाडी गॅरेजवाल्यालाच देऊन टाकली. भाऊजी व्हॅनपर्यंत पिशवी घेऊन उतरतात, दार लावून देतात आणि वर येतात.

मी एकदा मालिनीताईंना विचारलं, "भाऊजी का नाही येत बरोबर? व्हॅनमध्ये जागा असते की."

"बोलावते गं. म्हणतात, मी येऊन काय करू, ड्रायव्हर आहे, गंगू आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "ह्यांना वाटतं मी रागावलेय. मी कशाला रागावू? इतकी वर्षं मागे बसले, एकदा तरी पडू दिलं का? पण सांगायला गेलं की उठून आत जातात. गंगू हात धरते चांगला. पण मी ह्यांच्या खांद्यावर हात टाकायचे, तसं ते नाही. ती पेशंटला धरते."

काल माझ्या कुकरच्या दांड्याचा स्क्रू निघाला. सवयीने समोरची बेल वाजवली. भाऊजींनीच दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात स्वेटर, दुपार असूनही. कुकर हातात घेतला, दांडा हलवून बघितला, स्क्रूच्या आट्यांवरून नख फिरवलं. मला वाटलं, आता आत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणतील.

कुकर त्यांनी माझ्या हातात परत दिला. "दुकानात दाखवा वहिनी. तिथे नीट बसवतील."

"अहो, साधा स्क्रू तर आहे."

"दुकानातच दाखवा."

आतून मालिनीताईंचा बारीक आवाज आला, "कोण आहे हो?"

"कोणी नाही," असं म्हणून त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.