गॅस की सलाईन
विजयश्रीच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आणि दोन दिवसांत तिच्या घरात तीन नवे डॉक्टर तयार झाले. एकही बारावी सायन्स नव्हता, पण त्याने कुणाचं काही अडलं नाही.

विजयश्री मूळची कळंबकडची. लग्न होऊन कुरुळीत आली, पत्र्याच्या खोलीत आठ वर्षं काढली, मग मोशीत वन बीएचके झाला. चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायची. लाइनवरून आलेली प्रत्येक जोडणी ओढून बघायची, वायर निसटली की लाल टॅग लावून माल बाजूला. अकरा वर्षं उभ्याने हेच काम. शंभर टक्के हजेरीबद्दल कंपनीने तिला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं होतं, खुर्ची एकदाही नाही.

गाठ हाताला लागली ती फेब्रुवारीत. दाखवायला सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "मार्च एंड आहे ताई, तेवढा जाऊ द्या." गाठीनेही मार्च जाऊ दिला आणि एप्रिलमध्ये लिंबाएवढी झाली.

पिंपरीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. त्या रविवारी घरी बैठक बसली. अध्यक्षस्थानी थोरले दीर चिमाजी. चिमाजी पाण्याचे फिल्टर विकायचे, त्यामुळे शुद्ध काय आणि अशुद्ध काय यावर शेवटचा शब्द त्यांचा असायचा. सासूबाई रुक्मिणीबाई गावाकडच्या काढ्याच्या बाजूने होत्या. नवरा ज्योतीराम, फोर्कलिफ्ट चालवणारा भला माणूस, शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूने होता. जिची गाठ होती ती आत चहा करत होती.

"ऑपरेशनला आपली ना न्हाई," चिमाजी मोबाईल नाकाशी धरून म्हणाले. "पण भूल कोणची देणार हायेत ते विचारलं का कुणी? हे बघा, आलंय इथं. भुलीचा गॅस दिला की माणसाची प्रतिकारशक्ती झोपते. माणूस उठतो, ती उठत न्हाई. मग कॅन्सर मोकळाच की! सलाईनमधून भूल घ्यायची. गॅस म्हणले की सरळ उठून यायचं."

"उठून कसं यायचं, भूल दिल्यावर?" विजयश्रीने आतून विचारलं.

"तू चहा बघ," सासूबाई म्हणाल्या.

भुलीच्या डॉक्टरांकडे तपासणीला तिच्यासोबत तिघं गेले. डॉक्टर स्वरूपा चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या बाई. त्यांनी विजयश्रीला विचारलं, दात हलतोय का, जिना चढताना दम लागतो का, झोपेत घोरता का. चिमाजींची घोर निराशा झाली. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात येऊन दातांची चौकशी!

"मॅडम, मुद्द्याचं बोलू," ते पुढे सरकले. "गॅस का सलाईन?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या, आणि चिमाजी खुर्चीत दोन इंच वाढले. "रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात. कॅन्सरची सुटी पेशी दिसली की तिला मारायचं त्यांचं काम. ऑपरेशनचा ताण, दुखणं, काही औषधं, यांनी त्या थोडे दिवस मंदावतात. गॅसने त्या जास्त मंदावतात आणि शिरेतल्या औषधाने कमी, असं प्रयोगशाळेत काही ठिकाणी दिसलंय."

"बघा!" चिमाजींनी सगळ्यांकडे पाहिलं.

"पण छातीच्या कॅन्सरच्या खूप बायकांवर हे तपासलं, तेव्हा कॅन्सर परत येण्यात फरक दिसला नाही. दोन्ही पद्धती रोज वापरतात, दोन्ही सुरक्षित आहेत. या पेशींचं नेमकं काय होतं याचा आमच्याकडे अभ्यास चालू आहे. तुमची इच्छा असेल तर त्यात येऊ शकता. कुणाला गॅस, कुणाला शिरेतून, ते कॉम्प्युटर चिठ्ठीसारखं ठरवतो. रक्त तीनदा घेऊ. नाही म्हणालात तरी उपचार तेच."

"चिठ्ठी?" चिमाजी उभेच राहिले. "आमची सून म्हणजे काय भिशी हाय का?"

ज्योतीरामने मान हलवली. भिशी नव्हती, हे त्यालाही पटलं.

विजयश्रीने कागद पुढे ओढला आणि नखाने ओळी धरत सावकाश वाचायला लागली. मग म्हणाली, "मला कोणती मिळाली ते मला कळणार?"

"नाही. सुरुवातीचं इंजेक्शन दोन्हीकडे हातातूनच असतं, ऑक्सिजनचा मास्कही दोन्हीकडे. अभ्यास संपल्यावर कळवू."

"आणि रक्त तपासणाऱ्याला?"

"त्यालाही नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे नव्या सप्लायरची वायर आली की असंच करतात. नाव दिसलं की माणूस आधीच ठरवून बसतो." आणि चिमाजींकडे न बघता तिने पेन मागितलं.

सही करायच्या आधी डॉक्टरांनी सगळ्यांनाच विचारतात ते तिला विचारलं, "कशाची भीती वाटते?"

घरातल्या तीन डॉक्टरांपैकी हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.  विजयश्री म्हणाली, "मधेच जाग येईल याची."

तिच्या आईचं गावच्या शिबिरात मुलं बंद करायचं ऑपरेशन झालं होतं. भूल नीट लागलीच नाही. आईला सगळं कळत होतं. ओरडली तर नर्स म्हणाली, बाळंतपणात नाही का ओरडलीस. आईने हे कुणाला सांगितलं नाही, फक्त विजयश्रीला, तेही तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, केस विंचरताना. गॅस आणि सलाईन, पेशी आणि प्रतिकारशक्ती, हे सगळं चाललं होतं तेव्हा विजयश्रीच्या डोक्यात ती एकच नर्स होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मेंदू किती झोपलाय ते दाखवणारी पट्टी कपाळावर कशी लावतात, छातीच्या बाजूला बधिर करणारं इंजेक्शन वेगळं कसं देतात, सगळं समजावलं. "मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी बसलेली असते," त्या म्हणाल्या. "कुठे जात नाही."

ज्योतीराम बायकोकडे बघत राहिला. "हे मला कधी सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

यावर शेवटचं बोलणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ज्योतीरामला बाजू घेता आली नाही. त्याने नुसता तिचा हात धरला, चिमाजींसमोर, सासूबाईंसमोर. सासूबाईंनी भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचायला घेतला. विजयश्रीने दुसऱ्या हाताने सही केली.

ऑपरेशन अडीच तास चाललं. विजयश्रीला आठवत होतं ते एवढंच: मास्क, डॉक्टर स्वरूपांचा आवाज, आणि लगेच कुणीतरी म्हणतंय, "झालं ताई, डोळे उघडा." मधलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने कळंबला आईला फोन लावला. "मला काहीच कळलं न्हाई गं, आई," ती म्हणाली.  आई म्हणाली, "बरं झालं माय," आणि जेवलीस का, ते विचारत राहिली.

इकडे चिमाजींनी वॉर्डबॉयला दोन चहा पाजून गॅस की सलाईन हे काढायचा प्रयत्न केला. वॉर्डबॉय चहा प्यायला आणि माहीत नाही म्हणाला. तेव्हा चिमाजींनी भावजयीच्या उशाजवळ जाऊन हवा हुंगली आणि निकाल दिला, "सलाईनच हाय. गॅसचा वास न्हाई." मोशीच्या सोसायटीत बातमी पसरली की चिमाजींनी हॉस्पिटलला नमवलं.

पुढे केमो सुरू झाली. त्या औषधांनी पांढऱ्या पेशी खरोखरच तळाला गेल्या, केस गेले, तोंड आलं. ज्या प्रतिकारशक्तीसाठी चिमाजी लढले तिची अशी उघड कत्तल चालू असताना ते फिरकले नाहीत, कारण त्यावर त्यांना काही फॉरवर्ड आलं नव्हतं. ज्योतीराम मात्र रात्रपाळी मागून घेऊन दिवसा पातळ भात शिजवायला शिकला. पहिले चार दिवस भाताची लापशी झाली, पाचव्या दिवशी विटा. विजयश्री खायची.

आठ महिन्यांनी ती कामावर गेली. कंपनीने महिला दिनाला तिचा "योद्धा" म्हणून सत्कार केला, शाल दिली, दोन शब्द बोलायला सांगितलं. ती दोनच बोलली, "स्टूल द्या." टाळ्या जोरात पडल्या. महिन्याभराने स्टुलं आली. चार. लाइनवर बायका बावीस.

दीड वर्षानंतर डॉक्टर स्वरूपांचा फोन आला. तिला गॅस मिळाला होता. दोन्ही गटांच्या पेशींत पहिल्या दिवशी थोडा फरक दिसला, आठवड्यात तो पुसला गेला. कॅन्सर परत येण्याबद्दल इतक्या कमी बायकांवरून काही बोलता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. विजयश्रीचे रिपोर्ट आतापर्यंत चांगले होते, तेही गॅसमुळे की गॅस असूनही, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

दिवाळीत चिमाजी फराळाला आले तेव्हा तिने सांगून टाकलं. "भाऊजी, मला गॅसच दिला होता."

चिमाजींची चकली हातातच राहिली. मग ती मोडून ते म्हणाले, "आता नवीन आलंय त्यात, गॅसच बरा म्हणून."

विजयश्रीने त्यांना अजून एक चकली वाढली आणि घड्याळ बघितलं. दुसऱ्या शिफ्टची बस अडीचला होती. तिने डबा भरला, पिशवी खांद्याला अडकवली आणि सगळ्यांना बसा म्हणून निघाली.